पहिला शेजारी

कॉव्हेंट्रीतल्या त्या घरात राहायला जाऊन आम्हाला तीन दिवस झाले होते आणि सामानाचे निम्मे खोके अजून उघडायचे होते. शनिवारी सकाळी दारावर टकटक झाली. बेल असताना टकटक. दार उघडलं, तर समोर काळा ओव्हरकोट आणि काळी हॅट घातलेला एक उंच म्हातारा. एका हातात फडक्यात गुंडाळलेला पाव, दुसऱ्या हातात मिठाची पुडी. मला वाटलं, आपण कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला, आता ऐकून घ्या.

"माझ्या दारापासून तुझ्या दारापर्यंत एकोणीस पावलं आहेत," तो म्हणाला. "पलीकडच्या घरापासून सव्वीस. दोनदा मोजली. तेव्हा मी तुझा पहिला शेजारी."

मी "थँक यू" म्हणालो. यावर दुसरं काय म्हणायचं असतं ते मला आजही सुचत नाही. पाव आणि मीठ माझ्या हातात देऊन, हॅटला बोट लावून, आत न येता तो परत गेला. माझ्या बायकोने, मेधाने आतून विचारलं, "कोण होतं रे?"

"पहिला शेजारी."

"म्हणजे अजून येणारेत? आधी सांगायचंस, मी केस तरी विंचरले असते."

सगळा रस्ता त्यांना फ्रेड म्हणायचा. आमच्या घरात आठवड्याभरात त्यांचे ब्रिंकमनकाका झाले आणि नंतर नुसतेच काका. मूळचे जर्मन, खरं नाव फ्रिट्झ. अठराव्या वर्षी सैन्यात घातले, थोड्याच महिन्यांत ब्रिटिशांच्या हाती सापडले, युद्धकैदी म्हणून वॉरिकशायरच्या एका कॅम्पात आले आणि युद्ध संपल्यावर परत गेलेच नाहीत. मार्गारेट नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न केलं, कॉव्हेंट्रीत गवंडीकाम केलं. मूलबाळ नाही. आम्ही गेलो तेव्हा मार्गारेटबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती.

कॉव्हेंट्री म्हणजे जर्मन बॉम्बखाली भाजून निघालेलं शहर. तिथे एका जर्मनाने भिंती बांधायच्या म्हणजे कमालच. मी एकदा न राहवून विचारलं, "लोक काय म्हणायचे हो तुम्हाला?"

काकांनी जरा विचार केला. "म्हणायचे, भिंत सरळ आहे."

त्यांचं बोलणं असंच होतं. एका वेळी एक वाक्य, तेही तोलूनमापून. त्यांच्या गावात म्हणे सलग तीन वाक्यं बोलणाऱ्याला बडबड्या म्हणत. नागपूरच्या माणसाच्या शेजारी राहायला येणं ही त्यांच्यासाठी केवढी शिक्षा असेल याची मला पहिले काही महिने कल्पनाच आली नाही. मी बोलत राहायचो, ते कुंपणाशी उभे राहून ऐकत राहायचे आणि शेवटी "हो" म्हणून आत जायचे.

पण एका विषयावर ते बोलत. त्यांच्या गावावर.

ते गाव तेरा घरांचं. हॉलंडच्या सरहद्दीजवळचं, सपाट, चिकट मातीचं. राय नावाचं धान्य, बटाटे, डुकरं, थोडं जवस. चर्चसुद्धा त्यांचं नाही, पाऊण तास चालून शेजारच्या गावाला जायचं. काकांनी भिंतीला लावायच्या कागदाच्या एका उरलेल्या गुंडाळीच्या मागच्या बाजूला सगळ्या गावाचा नकाशा काढला होता. डायनिंग टेबलावर तो पसरला की दोन्ही टोकांना चहाचे मग ठेवावे लागत. प्रत्येक घर, प्रत्येक गोठा, कोणत्या चराचं पाणी कोणाच्या शेतात उतरतं, कोणाचं नाशपातीचं झाड कोणाच्या अंगणात फळं टाकतं, सगळं गवंड्याच्या सरळ रेघांनी आखलेलं. साठ वर्षांत तिथे एकदाही न गेलेला माणूस त्या नकाशावर बोट ठेवून सांगायचा, "इथे पायरी सैल आहे. सांभाळून."

त्या नकाशात घराघरांना जोडणाऱ्या लाल रेघा होत्या. मी विचारल्यावर काका आयुष्यात प्रथमच सात-आठ वाक्यं सलग बोलले असावेत. फार पूर्वी गावाला आग लागली आणि नऊ घरं जळाली. जो तो दुसरा कोणीतरी धावेल म्हणून थांबला. त्यानंतर गावाने ठरवलं की प्रत्येक घराला एक शेजारघर नेमून द्यायचं. ज्याचं दार पावलांनी सगळ्यात जवळ, तो पहिला शेजारी. घरात मूल झालं की सुईणीला तो आणणार. आजारपणात गायी तो पिळणार. आणि कोणी गेलं, तर घरच्यांनी फक्त रडायचं. डोळे मिटणं, अंघोळ घालणं, शवपेटी खांद्यावर घेणं आणि दारोदार जाऊन सांगणं, सगळं पहिल्या शेजाऱ्याचं.

"आणि तो आवडीचा नसला तर?" मी विचारलं.

"आवडीचा प्रश्न नाही. एकोणीस पावलांचा प्रश्न आहे."

मग त्यांनी पाच आणि सहा नंबरच्या घरांची गोष्ट सांगितली. दोघे एकमेकांचे पहिले शेजारी. एका चरावरून बिनसलं ते बावीस वर्षं बोलणं बंद. समोरून आले की एक जण शेतात उतरायचा. मग सहा नंबरचा म्हातारा गेला. त्या सकाळी पाच नंबरवाला आपला वस्तरा घेऊन आला, दुष्मनाची दाढी केली, केस विंचरले, बाकीच्या अकरा घरी जाऊन सांगितलं, पाऊण तास पेटीला खांदा दिला. दुसऱ्या दिवशी मेलेल्याचा मुलगा आभार मानायला गेला, तर याने तोंडावर दार लावलं. चराचं भांडण मिटलेलं नव्हतं.

मेधा हसून लोटपोट झाली. काका हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

गावाचं फार कौतुक मात्र त्यांनी कधी केलं नाही. चार नंबरच्या गोठ्यामागे नकाशात एक बारीक फुली होती. युद्धाच्या काळात जबरदस्तीने शेतावर आणलेला एक पोलिश मजूर तिथे तापाने मेला. तो गोठ्यात झोपायचा, गोठ्याला दार होतं, पण ते घर धरायचं की नाही यावर गावाचं एकमत होईना. सगळे विचार करत राहिले. शेवटी चार नंबरच्या बाईने एकटीने त्याला हातगाडीवर घालून नेलं. "तेरा घरं," काका म्हणाले, "आणि एकालाही पावलं मोजता आली नाहीत." मग त्यांनी नकाशा गुंडाळला. त्या दिवशी पुढे गोष्ट नाही.

त्या रीतीतलं सगळ्यात कडक काम सांगण्याचं. मरणाची बातमी पत्राने द्यायची नाही, कोणाच्या हाती पाठवायची नाही. काळे कपडे घालायचे, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, सरळ शब्दांत सांगायचं. मग समोरचा जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्यायचं आणि परत फिरायचं. मी म्हणालो, "फार कठोर आहे हो हे." आमच्याकडे कोणी गेलं की "जरा जास्त आहे, निघून ये" म्हणायची पद्धत आहे, हे मी त्यांना सांगितलं. माणूस प्रवासात कोसळू नये म्हणून. काकांनी डोळे बारीक केले. "म्हणजे सगळ्यांना माहीत असतं आणि त्यालाच नसतं?"

मी हो म्हणालो.

पुढच्याच उन्हाळ्यात माझे वडील गेले.

मी ऑफिसला निघून गेलो होतो. नागपूरहून धाकट्या भावाचा फोन घरी आला आणि तो मेधाने घेतला. "वहिनी, बाबा गेले. पण दादाला आत्ता सांगू नका, सीरियस आहेत एवढंच म्हणा. त्याला नीट येऊ द्या." मेधा मागच्या अंगणात जाऊन दोरीवरचे कपडे काढता काढता रडायला लागली. कुंपणापलीकडे काका होते. त्यांनी विचारलं, तिने सांगितलं. त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले, किती वाजता आणि जवळ कोण होतं. मग आत जाऊन कोट चढवला.

माझं ऑफिस शहराबाहेरच्या बिझनेस पार्कमध्ये, दोन बस बदलून. उन्हाळ्याच्या दिवसांत काळ्या ओव्हरकोटातला म्हातारा रिसेप्शनला उभा राहिला. रिसेप्शनिस्टने तीनदा बसायला सांगितलं, तो बसला नाही. मी खाली आलो आणि लांबूनच हॅट दिसली. ती हॅट पाहूनच मला समजलं, तरी मी चालत राहिलो.

"तुझे वडील वारले," काका म्हणाले. "आज सकाळी, तिकडच्या सव्वाअकराला. तुझा भाऊ जवळ होता. पाणी त्याने पाजलं. बायको घरी वाट पाहतेय."

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला त्यांचा भयंकर राग आला. कोण हा परका माणूस, कुठल्या चिखलातल्या तेरा घरांची रीत घेऊन माझ्या ऑफिसात उभा? मग मी त्या रिसेप्शनच्या सोफ्यावर बसून पोरासारखा रडलो आणि ते शेजारी उभे राहिले. नागपूरला उतरलो तेव्हा माझं अर्धं रडून झालेलं होतं. स्टेशनवर आणि नंतर घराच्या फाटकाशी सगळे तोंडं सारखी करून उभे, आता याला कसं सांगायचं म्हणून. मी सरळ आत जाऊन आईच्या पायाशी बसलो. भाऊ रागावला, "कोणी सांगितलं तुला?" मी म्हणालो, "शेजाऱ्याने." माझ्या वडिलांचं मरण माझ्यापासून कोणी चोरलं नाही, याचं मोल तेव्हा नव्हतं कळलं. आता कळतं.

परत आल्यावर मी काकांकडे गेलो, आभार मानायला. त्यांनी तोंडावर दार लावलं नाही एवढंच. मला बसवून त्यांनी चहा ओतला.

"मी पहिल्यांदाच सांगायला गेलो होतो," ते म्हणाले. "अठ्ठ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. एकदा आधी जायला हवं होतं."

आणि मग त्यांनी हाइनरचं सांगितलं.

नकाशावर काकांचं घर नऊ नंबर, हाइनरचं दहा. पहिले शेजारी. दोघं एका वयाचे, एकत्र सैन्यात गेले, एकत्र पकडले गेले, एकाच कॅम्पात आले. युद्ध संपलं होतं, पण कैद्यांना लगेच सोडलं नव्हतं. रेशन कमी झालं होतं आणि हिवाळा भयंकर होता. हाइनरला न्यूमोनिया झाला. कॅम्पच्या दवाखान्यात त्याच्याजवळ काका दोन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या शेतावर कामाला माणसं हवी होती. त्या शेतावर कैद्यांना स्वयंपाकघरात बसवून गरम जेवायला घालतात असं सगळ्यांना माहीत होतं. हाइनर झोपला होता. काकांनी हात वर केला.

"मला भूक लागली होती," ते म्हणाले. "बस. दुसरं काही कारण नाही."

ते संध्याकाळी परतले तेव्हा हाइनरची खाट रिकामी होती. डोळे कोणा परक्याने मिटले होते.

त्या स्वयंपाकघरात जेवण वाढणारी शेतकऱ्याची मुलगी म्हणजे मार्गारेट. पुढे लग्न झालं. आणि मार्गारेटबाई दर वर्षी त्याच तारखेला तेच जेवण करायच्या, आपण पहिल्यांदा भेटलो त्या दिवसाची आठवण म्हणून. मटणाचं स्ट्यू आणि वर डंपलिंग. काका दर वर्षी ते खायचे. ती कोणती तारीख आहे हे त्यांनी तिला कधीच सांगितलं नाही.

"बावन्न वेळा खाल्लं," ते म्हणाले. "दर वर्षी दुसऱ्यांदा मागायचो, तिला बरं वाटावं म्हणून."

मी म्हणालो, "काका, बातमी तर गेलीच असेल ना? कॅम्पने पत्र पाठवलं असेल."

"कागद गेला. कागद म्हणजे सांगणं नव्हे. सांगायचं मी. आणि उंबऱ्याशी उभा राहिलो असतो, तर त्याच्या आईने विचारलंच असतं, तू जवळ होतास का? तिथे खोटं बोलता येत नाही."

म्हणून हा माणूस साठ वर्षं घरी गेला नाही. आपल्या आईच्या मरणालासुद्धा नाही, कारण दहा नंबरच्या दारावरूनच नऊ नंबरला जावं लागतं. हाइनरची आई केव्हाच गेली होती. पण त्याची धाकटी बहीण लीना अजून त्याच घरात होती, हे त्यांना पुतण्याच्या नाताळच्या कार्डांवरून माहीत होतं.

मला तेव्हा वाटलं, एवढं सोपं आहे. बर्मिंगहॅमहून दीड तासाचं विमान. मी तिकिटं काढली, दोघांची. काकांनी नाही म्हटलं नाही. ठरल्या दिवशी कोट, हॅट, दाढी गुळगुळीत. सिक्युरिटीत हॅट काढायला लावली तेवढीच काय ती कुरकुर. गेटपाशी आम्ही बसलो, बोर्डिंग सुरू झालं, रांग पुढे सरकली. आमच्यापुढे दोनच माणसं राहिली होती तेव्हा काका म्हणाले, "मी गॅस चालू ठेवून आलो वाटतं."

"मेधाला फोन करतो, किल्ली आहे तिच्याकडे."

"नको. माझं घर आहे. मला पाहिलं पाहिजे."

गॅस बंद होता, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. मी त्यांचा दंड धरला. त्या कोटाच्या आत तो दंड इतका बारीक होता की मी सोडून दिला. बसने परत येताना त्यांनी हॅट मांडीवर ठेवली होती आणि ते तिच्या कडेवरून बोट फिरवत होते. मी पुन्हा तिकिटाचं नाव काढलं नाही. काढायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

दोन हिवाळ्यांनंतर त्यांचं हृदय थकलं. हॉस्पिटलात मी ऑफिसमधून सरळ जायचो, मेधा दुपारी बसायची. एका संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"तुला जावं लागेल. एकोणीस पावलं."

"जाईन."

"फोन नाही. पत्र नाही."

"नाही करणार."

"आधी दहा नंबरला. आधी हाइनरचं सांग, मग माझं. त्याचं जास्त दिवस राहिलंय." मग बराच वेळ श्वास गोळा करून, "आणि ती विचारेल. तुझ्या गावची रीत नको हं करूस. माझ्या गावची कर."

ते गेले तेव्हा मी जवळ होतो. डोळे मीच मिटले. नर्स म्हणाली, तुम्ही मुलगा का? मी म्हणालो, नेक्स्ट डोअर.

काळा ओव्हरकोट माझ्याकडे नव्हता, तो मी विकत आणला. मार्चच्या एका सकाळी मी त्या गावात उतरलो. चिकट माती बुटांना धरत होती. मागे शेतांत पवनचक्क्या फिरत होत्या. काकांच्या पुतण्याची मुलगी युलिया वाटेवरच भेटली. तिला शाळेतलं चांगलं इंग्रजी येत होतं. मी कोण हे सांगितल्यावर तिने कोटाकडे पाहिलं आणि ती माझ्याबरोबर चालू लागली.

लीनाबाईंनी स्वतः दार उघडलं. लहानखुऱ्या, ॲप्रनला हात पुसत. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो आणि सांगितलं. "तुमचा भाऊ हाइनर वारला. इंग्लंडमध्ये, कॅम्पच्या दवाखान्यात, न्यूमोनियाने. मी फ्रिट्झ ब्रिंकमन यांच्यातर्फे सांगायला आलोय. फ्रिट्झही वारले, आठ दिवसांपूर्वी. मी त्यांचा पहिला शेजारी."

युलियाने ते जर्मनमध्ये सांगितलं. बाईंनी चौकट धरली. मग त्या हळूहळू बोलल्या आणि युलिया मला सांगत गेली. कागद आला होता. पण सांगणारा आल्याशिवाय मरणाची घंटा वाजवत नाहीत, म्हणून आईने चर्चमध्ये घंटा वाजवू दिली नाही. शेवटपर्यंत म्हणायची, फ्रिट्झ आला नाही अजून.

मग त्यांनी विचारलंच.

"फ्रिट्झ जवळ होता का?"

माझ्या तोंडात "हो" तयार होतं. माझ्या भावाने, मामा-मावश्यांनी, आमच्या सगळ्या गोताने पिढ्यान् पिढ्या वापरलेलं ते मऊ "हो". कोणाचं काय जाणार होतं? दोघेही मेलेले. समोर ऐंशीला टेकलेली बाई.

"नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी तो शेतावर गेला होता. तिथे जेवायला मिळायचं म्हणून."

युलियाने माझ्याकडे पाहिलं, हे सांगू ना, अशा नजरेने. मी मान हलवली. तिने सांगितलं.

लीनाबाई किती तरी वेळ माझ्या मागच्या वाटेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी काहीतरी थोडकंच विचारलं. युलियाला ते आधी समजलंच नाही, तिने परत विचारून घेतलं.

"ती म्हणतेय, जेवण गरम होतं का?"

"हो."

"पोटभर?"

"हो. पोटभर."

बाईंनी मान डोलावली. म्हणाल्या, त्या हिवाळ्यात आम्ही बियाण्याचे बटाटे उकडून खाल्ले. आई रोज पानावर बसली की म्हणायची, आपल्या दोघा पोरांना तिकडे कोणी गरम खायला घालत असेल का. एवढं म्हणून त्यांनी ॲप्रनने डोळे पुसले. "एकाला तरी मिळालं," त्या म्हणाल्या. "आई ऐकून जेवली असती."

मी परत फिरलो, कारण रीत तशी आहे. वाटेत मला चालवेना, तेव्हा एका चराच्या कडेला नव्या कोटासकट बसलो आणि वडिलांसाठी रडलो नव्हतो एवढा रडलो. दीड तासाच्या अंतरावर, त्या दारात, हे वाक्य साठ वर्षं त्या माणसासाठी तयार होतं, आणि मी त्याचा दंड सोडून दिला होता.